पोटहिश्श्याची फाईल वाचताना

गेल्या काही दिवसांत दोन-तीन जणांनी विचारलं. सगळे पेटची तयारी करतायत, सगळ्यांना शेतजमिनीच्या इतिहासावर काम करायचंय, आणि सगळ्यांचा सूर एकच: "रेकॉर्ड रूममधून कागद तर मिळाले, पण त्यांचं करायचं काय?" उत्तर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आलं की माझ्या स्वतःच्या पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं याच प्रश्नात गेली. म्हणून आज एकच फाईल उघडतो. पुणे जिल्ह्यातल्या एका गावातला एक सर्व्हे नंबर, १९२६ साली चार चुलतभावांनी त्याचे चार पोटहिस्से पाडून घेतले, त्याची ही फाईल. गावाचं नाव आणि नंबर देत नाही. का ते पुढे येईलच.

आधी माझी चूक सांगतो, कारण ती तुम्हीही करणार आहात. पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात मी १८७० च्या दशकातली त्या गावाची खातेदारांची यादी घेतली, नावं मोजली, एकूण क्षेत्राला नावांच्या संख्येने भागलं आणि ऐटीत लिहून टाकलं की एकोणिसाव्या शतकात इथे मोठी धारणक्षेत्रं होती, विसाव्या शतकात त्यांचे तुकडे झाले. तक्ता छान दिसत होता. सरांनी तो वाचला, पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "खातेदार म्हणजे मालक, हे तुला कुणी सांगितलं?" मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी ते धरून चाललो होतो.

आता मागे जाऊ. सर्व्हे येण्याआधी देशावर जमीन ओळखली जायची ती थळाने. थळाला नाव असायचं, बहुतेक वेळा एखाद्या घराण्याचं, आणि त्या घराण्याच्या शाखांचे त्यात हिस्से, म्हणजे तक्षिमा. एकाच मूळपुरुषाच्या मिरासदार वंशजांचा मिळून जथा, आणि सरकारी वसुलीला बऱ्याचदा जथ्याचा वडीलधारा पुढे. कागदात शेत सांगायचं ते चतुःसीमेने: पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचा बांध, पश्चिमेस माळ. म्हणजे वाटणी होती, बांधही होते, पण ते गावाच्या स्मरणात. नकाशा कुणी काढत नव्हतं, कारण तशी कुणाला गरजच नव्हती.

इंग्रजांना मात्र गरज होती. प्रिंगलची पहिली पाहणी फसल्यावर १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत सुरू केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम मुंबई इलाख्यासाठी पक्के झाले. तुमच्यापैकी अनेकांनी हे सेटच्या गाईडमध्ये वाचलं असेल: ३० वर्षांसाठी सारा कायम, प्रत्येक शेताला नंबर, जमिनीची प्रतवारी. गाईडमध्ये जे नसतं ते असं की सर्व्हे नंबर किती मोठा असावा हे मालकी बघून ठरलं नाही, बैल बघून ठरलं. एका बैलजोडीने कसता येईल तेवढं क्षेत्र म्हणजे एक नंबर, असा ढोबळ हिशेब होता. हलकी जिरायत असेल तर सुमारे २० एकर, मध्यम १५, भारी काळी १२, भाताची असेल तर ४. लहान लहान हिस्से असतील तर ते एकाच नंबरात एकत्र घ्यायचे. आणि एकदा नंबर पडला की तो सहसा फोडायचा नाही. नंबर ज्याच्या नावावर, साऱ्याला तो जबाबदार. आतमध्ये चार भाऊ चार बांध घालून कसतायत का, हे सरकारच्या वहीला बघायचंच नव्हतं. वसुलीच्या दृष्टीने ते सोयीचंही होतं. एका नावाकडून पैसे घेणं चार नावांकडून घेण्यापेक्षा सोपं.

तेव्हा १८७० च्या दशकातली खातेदारांची यादी म्हणजे सारा भरणाऱ्यांची यादी. मालकांची नाही, कसणाऱ्यांची तर नाहीच. मी नावं मोजून जे 'मोठं धारणक्षेत्र' काढलं होतं, ते विंगेटच्या बैलजोडीचं क्षेत्र होतं!

हे एकदा डोक्यात बसलं की काही प्रसिद्ध आकडेही जरा जपून वापरावेसे वाटतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागरच्या पाहणीचं पुस्तक काढलं. हो, तेच पिंपळे सौदागर, जिथे आज सोसायट्यांच्या मधून शेत शोधावं लागतं. सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होतं ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आलं, हा त्यांचा आकडा तुम्हाला प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटेल. पुस्तक उत्तम आहे, जरूर वाचा. जमिनीवर माणसांचा भार वाढला हेही खरंच. पण आकडा उतरवून घेण्याआधी एवढं विचारा: १७७१ च्या यादीतलं एक नाव आणि १९१५ च्या यादीतलं एक नाव या दोन सारख्या गोष्टी आहेत का? मिरासीच्या काळातल्या एका नावामागे अख्खा जथा उभा असू शकतो.

हिस्से सरकारी वहीत शिरले ते फार उशिरा. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी, म्हणजे आपण ज्याला हक्काचं पत्रक म्हणतो ती सुरू झाली. जमीन गहाण पडत होती, विकली जात होती, वाटली जात होती, आणि साऱ्याच्या वहीत मात्र तीच जुनी नावं चालू होती. आता तलाठ्याने खातेदाराबरोबर हिस्सेदार, गहाणदार, कूळ यांचीही नोंद घ्यायची होती. १९१३ मध्ये ही तरतूद जमीन महसूल संहितेतच आली, आणि त्याच सुमारास सर्व्हे नंबरचे पोटहिस्से पाडायचीही सोय झाली. आज सातबारावर दिसतं ते '४२/३' प्रकारचं लिखाण, त्यातल्या तिरक्या रेघेखालचा आकडा, तो या बदलाचा वंशज. सातबारातले सात आणि बारा हे गावनमुन्यांचे नंबर आहेत हे माहीत असेलच. हे नमुने ज्या मॅन्युअलमध्ये नीट बांधले गेले ते अँडरसन यांचं. जुने तलाठी अजूनही 'अँडरसन' असा एकेरीच उल्लेख करतात, घरातलं माणूस असल्यासारखा.

इथे एक फरक लक्षात ठेवा, माझी सगळी भिस्त त्याच्यावर आहे. हक्कपत्रकात नाव लागणं वेगळं आणि नकाशावर रेघ पडणं वेगळं. नाव लागलं की तुमचा हिस्सा आहे एवढं कळतं. तो कुठे आहे हे रेघ पडल्यावर कळतं. नावाला तलाठी पुरतो. रेघेला अर्ज लागतो, फी लागते, मोजणीदार लागतो, शेजारी लागतात, आणि मुख्य म्हणजे सगळ्या हिस्सेदारांचं एकमत लागतं. कोर्टात गेलात तरी यातून सुटका नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५४ असं की सारा भरणाऱ्या जमिनीत कुणाचा किती वाटा ते कोर्ट ठरवणार, पण प्रत्यक्ष वाटप कलेक्टरकडून व्हायचं.

आता फाईल.

वरती अर्ज. तो कुणी लिहिला आणि सही कुणाची हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या फाईलमध्ये अक्षर एकाच लिहिणाऱ्याचं, खाली एक सही आणि तीन अंगठे. सही करणारा भाऊ शिकलेला, म्हणून लगेच त्याला लबाड ठरवू नका. मी ठरवला होता.

त्याखाली हक्कपत्रकाचा उतारा: चौघांची नावं, प्रत्येकी चार आणे. हे आणे पैशाचे नाहीत, वाट्याचे आहेत. अख्खी मिळकत सोळा आणे, म्हणून चार आणे म्हणजे पाव.

मग कच्चा नकाशा. आजही मोजणीच्या अर्जाला हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडतात, चतुःसीमा दाखवणारा, आणि लोक तो ऑफिसबाहेरच्या टपरीवर दोन मिनिटांत उरकतात. १९२६ चा मात्र कुणीतरी मन लावून काढलाय. खाली ओढा, वर टेकडी, मधे विहीर, विहिरीजवळ एक झाड आणि त्याला 'लिंब' असं मोडीत लिहिलेलं. प्रत्येक तुकड्याला घरातलं नाव आहे: मळई, मधली पट्टी, खडकी. ही नावं पुढच्या सरकारी नकाशात कुठेही नाहीत, तिथे १, २, ३, ४ आहे. मोडी शिकायला कंटाळा करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की त्या फाईलमधली अर्धी माहिती मोडीत आहे आणि ती उरलेल्या अर्ध्यापेक्षा जास्त कामाची आहे.

मग टिपण. मूळ सर्व्हेच्या वेळी शेत मोजताना काढलेलं हे रेखाटन. पहिल्यांदा बघाल तेव्हा वाटेल, हा काय नकाशा! आकार वेडावाकडा, बाजू प्रमाणात नाहीत. नसतातच. टिपण प्रमाणात काढलेलं नसतं, त्यातले आकडे खरे, चित्र नाही. मधोमध एक लांब रेघ असते ती पायारेघ, आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना बांधाच्या कोपऱ्यांपर्यंत काटकोनात घेतलेली अंतरं. काटकोन साधायला शंकू, अंतर मोजायला साखळी, म्हणून तिला शंकू-साखळीची मोजणी म्हणतात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, त्यांनाही आणेच म्हणतात (आणे आणखी एका अर्थाने आले, इलाज नाही). तेव्हा '७-८' असं लिहिलं असेल तर ते ७ साखळ्या ८ आणे, म्हणजे साडेसात गुणिले ३३, सुमारे २४७ फूट. साखळी ३३ फुटांचीच का याचं उत्तर सुंदर आहे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर १ गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. साखळीत मोजलं की गुणाकार थेट गुंठ्यात येतो. पाया २० साखळ्या आणि उंची ९ साखळ्या असा त्रिकोण असेल तर १८० चे निम्मे ९० गुंठे, म्हणजे २ एकर १० गुंठे. ना फूट, ना चौरस यार्ड. एकदा स्वतः हाताने एक टिपण सोडवून बघा. गुणाकाराची ही पानं जिथे बांधलेली असतात त्याला गुणाकार बुकच म्हणतात.

आता फाळणी नकाशा आणि त्यासोबतचं आकारफोड पत्रक. हे दोन कागद सुटे वाचायचे नाहीत.

मूळ नंबर १८ एकर २० गुंठ्यांचा, आकार ९ रुपये ४ आणे. चौघांचे समान वाटे. नकाशात मात्र हिस्सा नं. १ आहे ३ एकर ३५ गुंठे, नं. २ आहे ४ एकर ५ गुंठे, नं. ३ साडेचार एकर आणि नं. ४ तब्बल ६ एकर. नं. ४ थोरल्याच्या मुलाचा, म्हणजे त्याच सही करणाऱ्याचा. झालं. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: 'थोरल्या शाखेचं वर्चस्व, साक्षरतेचा फायदा, उदाहरण म्हणून वापरणे.' प्रकरणाचं उपशीर्षकसुद्धा सुचलं होतं.

आकारफोड पत्रक दोन पानं पुढे होतं. त्यात नंबरचा एकूण सारा चार हिश्श्यांवर फोडलेला: २ रुपये ५ आणे, २ रुपये ५ आणे, २ रुपये ५ आणे, २ रुपये ५ आणे. चौघांचा अगदी सारखा. सारा क्षेत्रावर नसतो, प्रतवारीवर असतो. नं. १ आणि २ ओढ्याकाठची मळई, नं. ४ म्हणजे टेकडीखालची खडकी, तीही १ एकर १० गुंठे पोटखराबा धरून. थोरल्याच्या मुलाने जास्त घेतलं नव्हतं, त्याच्या वाट्याला दगड आले होते, म्हणून क्षेत्र वाढवून दिलं होतं. क्षेत्राचा रकाना वाचून मी एका मेलेल्या माणसावर आळ घेतला होता. उपशीर्षक खोडलं.

आता म्हणाल, मग सगळ्यांनी ओढ्यापासून टेकडीपर्यंत उभ्या पट्ट्या का नाही पाडल्या, प्रत्येकाला थोडी चांगली थोडी वाईट? खूप ठिकाणी तसंच करतात. अरुंद, लांबलचक पट्ट्या नकाशात दिसल्या की लगेच 'अवैज्ञानिक तुकडीकरण' असं लिहू नका, ती न्यायाची भूमिती असते. इथे तसं का झालं नाही याचं उत्तर नकाशात नव्हतं. ते जबाबात होतं.

जबाब सगळ्यात शेवटी असतात आणि संशोधक थकलेला असतो. तरीही वाचा. सर्कलसाहेबांसमोर चौघांनी दिलेल्या जबाबात तीन गोष्टी निघाल्या ज्या नकाशात नाहीत. एक, वाटप त्यावर्षी झालंच नव्हतं. ते 'वडिलांचे वेळेपासून' चालत आलं होतं, बांध जुनेच होते, अर्जाने फक्त त्यांना नंबर मिळाले. म्हणजे १८७० च्या यादीत हे शेत एका नावावर होतं तेव्हाही आत बहुधा तीन-चार चुली होत्या. माझ्या पहिल्या प्रकरणाचा तक्ता इथे संपला. दोन, विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली, आणि विहिरीत चौघांचा चार-चार आणे हक्क. नकाशात विहीर म्हणजे नं. २ मधलं एक बारकं वर्तुळ, जणू ती नं. २ चीच. तीन, नं. ४ ला जायला नं. २ आणि ३ च्या बांधाने 'गाडीवाट पूर्वापार' आहे आणि ती कुणी अडवायची नाही.

आणखी एक वाक्य आहे, तिसऱ्या अंगठ्याच्या जबाबात, जाता जाता आलेलं: मयत भावाची बायको नं. ३ मध्ये आहे, तिच्या चोळी-बांगडीचं नं. ३ ने बघावं. तिचं नाव नाही. तिचा हिस्सा नाही. तिचा अंगठाही नाही. चौघांना बहिणी होत्या की नाही हे तर फाईलवरून कळतच नाही.

पोटहिस्सा मोजणीचे असे अर्ज पुढच्या वीसेक वर्षांत मला या गावात बरेच मिळाले. मग ते आटतात. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याने ठरावीक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडायला मनाई झाली, वाटपातसुद्धा. हेतू काय होता हे मान यांचे आकडे वाचलेल्या कुणालाही कळेल. त्याच कायद्याखाली पुढे एकत्रीकरण योजना आली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि तुम्ही जुन्या कागदांवरून आजच्या सातबारावर यायला निघालात की मधे हा गटाचा पूल ओलांडावा लागतो. गट नंबर आणि सर्व्हे नंबर यांचा मेळ एकत्रीकरणाच्या जबाबात आणि तक्त्यात सापडतो. तो आधी शोधा, नाहीतर सहा महिने भलत्याच शेतावर घालवाल. (मी दोनच महिने घालवले.)

कायद्याने रेघ थांबली. वाटणी थांबली का? माणसं मरत राहिली, वारस लागत राहिले, भाऊ वेगळे होत राहिले. बांध पडले, फक्त त्यांना नंबर मिळाला नाही. म्हणून आज एकाच गटावर वीस-पंचवीस नावं सामाईकात दिसतात, आणि शेतात जाऊन विचारलं तर शेंबडं पोरही सांगतं की हे आमचं आणि ते काकांचं. एकोणिसाव्या शतकात वहीत एक नाव आणि आत चार बांध, विसाव्या शतकात वहीत पंचवीस नावं आणि नकाशात बांध शून्य. कागद दोन्ही वेळा जमिनीबद्दल बोलत नव्हता. बोलत होता तो सरकारला काय बघायचंय आणि काय नाही त्याबद्दल. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं खाली आणलं, त्यामुळे थांबलेल्या काही रेघा आता हलायला लागल्यात.

आणि इथेच ही फाईल माझ्यासाठी इतिहास राहिली नाही.

मागच्या उन्हाळ्यात नं. ४ वाल्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या सातबारावर आज २३ नावं आहेत. मुलाखतीसाठी गेलेलो, पण त्यांचीच लगबग चाललेली: पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करायचा होता. कागद म्हणजे ताजा सातबारा, आठ-अ, लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते, कच्चा नकाशा, आणि सगळ्या सहधारकांची संमती. २३ पैकी नऊ जण मुंबईला, दोघं कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही, आणि ११ नावं बायकांची. १९२६ च्या फाईलमध्ये एकही नव्हतं. १९५६ चा वारसा कायदा, मग १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती, मग २००५ ची केंद्राची, या सगळ्याचा परिणाम त्या रकान्यात दिसतो. पुन्हा सांगतो, नावं मोजताना जपा. चाराची तेवीस झाली ती सगळीच काही तुकडे पडल्यामुळे नाही, काही नावं आधीपासून होतीच, ती लिहिली जात नव्हती. त्या ११ जणींपैकी दोघींना हक्कसोड कर म्हणून निरोप गेले होते. त्यातली एक तिथेच ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "सही करीन, पण आधी मला नकाशात माझं दाखवा. मग सोडायचं का न्हाई ते बघू."

खरा पेच वेगळाच होता. नं. २ आणि ३ च्या वारसांनी बांध नांगरून वाट बंद केलीय, ट्रॅक्टर वर नेता येत नाही. सरकारी नकाशात वाट नाही. वाट आहे ती फक्त १९२६ च्या जबाबात, आणि त्या जबाबाचा फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये. घरातल्या कर्त्या माणसाने सरळ विचारलं, "तुमच्याकडं जुनं कागद हायती म्हणं. आमची वाट हाय का त्यात?"

मेथडॉलॉजीच्या पेपरात 'संशोधकाची तटस्थता' यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो. मी त्याचं उत्तर तीनदा लिहिलंय. त्या ओट्यावर मला त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. फोटो दाखवला असता तर एका बाजूचा साक्षीदार झालो असतो, आणि उरलेली दोन घरं, ज्यांच्याकडे मी वर्षभर चहा पितोय, ती बंद झाली असती. नाही म्हणालो असतो तर कागदात जे आहे ते ज्यांच्या आज्याने सांगितलं त्यांच्यापासूनच लपवलं असतं. शेवटी मी फोटो काढला नाही, पण आहे हे लपवलंही नाही. फाईल सरकारी आहे, नंबर हा, साल हे, नकलेचा अर्ज करा, जबाब मिळेल, असं सांगितलं. आणि संध्याकाळी नं. २ आणि ३ च्या घरी जाऊन तेच, त्याच शब्दांत सांगितलं. नं. ३ वाले शांत ऐकून घेऊन म्हणाले, "मग विहिरीचंबी आसंल त्यात." होतं. नं. २ वाल्यांनी मात्र त्या दिवशी चहा विचारला नाही. सरांना सांगितलं तर ते म्हणाले की बरोबर केलंस की चूक ते मला सांगता येणार नाही, पण प्रबंधात हे लिही, तळटीपेत नाही, वर लिही. म्हणून इथेही लिहितोय, आणि म्हणूनच गावाचं नाव देत नाही.

कामाचं एक-दोन शब्दांत. मूळ टिपणं, गुणाकार बुकं, फाळणी नकाशे, आकारबंद हे तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात असतात. फेरफार आणि महसुली आदेश तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. बरेच जुने कागद आता स्कॅन होऊन ऑनलाइनही मिळतात, पण स्कॅनमध्ये कागदाची मागची बाजू अनेकदा नसते, आणि शेरे मागच्या बाजूला असतात. म्हणून गठ्ठा हातात मिळत असेल तर तो बघाच. अर्ज करताना 'नकाशा' मागू नका, 'हिस्सा मोजणीचं संपूर्ण प्रकरण' मागा. नुसता नकाशा मागितला की नुसता नकाशाच देतात, जबाब गठ्ठ्यात राहतात.

पावसाळ्याआधी अर्ज गेला. कच्चा नकाशा घरातल्या मुलीने काढला, बारावीला आहे, आलेखाच्या वहीचं पान फाडून. खाली ओढा, वर टेकडी, मधे विहीर. विहिरीजवळ तिने एक गोल काढून 'लिंब' लिहिलं तेव्हा मी चमकलो, कारण तिथे झाड नाही, मी चार वेळा तिथून गेलोय. विचारलं तर म्हणाली, आजी म्हणते लिंबापासून वाट सुरू होते, म्हणून काढलं. वडील म्हणाले खोड ते, मोजणीवाले विचारतील झाड कुठंय. तिने खोडलं नाही, बाजूला कंसात 'जुना' असं लिहिलं. मोजणीची तारीख अजून आलेली नाही.